हजार विड्या आणि पुरावा कायदा

नोटीस बोर्डासमोर शेवटी आम्ही दोघीच उरलो. बाकीचे आपापले मार्क बघून कँटीनकडे गेले होते. पुरावा कायद्याच्या पेपरात आमच्या वर्गात दोघीच नापास झाल्या होत्या. एक मी, हेमांगी पाटणे, आणि दुसरी राजमणी चिट्याल.

"किती?" तिनं विचारलं.

"चौतीस. तुम्हाला?"

"एकोणतीस."

पास व्हायला चाळीस लागत. एप्रिलअखेर हा पेपर पुन्हा होणार होता आणि त्यातही राहिलो तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नव्हता. माझ्या वडिलांनी बार्शीहून आधीच बजावून ठेवलं होतं, की एक जरी वर्ष वाया गेलं तर गाशा गुंडाळायचा आणि काकांच्या औषधाच्या दुकानात बसायचं. वडील एकदा बोललेलं फिरवत नसत. मी त्या चौतीसकडे बघत उभी होते आणि राजमणीअक्का माझ्याकडे बघत होती.

"तुझा आवाज खणखणीत आहे," ती म्हणाली. "दुपारी येऊन मला वाचून दाखवशील का?"

ही सोलापूरची गोष्ट, वीसेक वर्षांपूर्वीची. अक्का आमच्या सकाळच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायची. वय पंचेचाळीसच्या घरात. वर्गात येताना चप्पल दाराबाहेर काढायची, त्यावरून पहिल्या वर्षी आम्ही पोट धरून हसलो होतो. वहीत ती काही लिहायची नाही. डोळे अर्धवट मिटून ऐकत बसायची आणि पावणेअकराची घंटा झाली की तडक घर गाठायची. गॅदरिंग नाही, सहल नाही, साधा चहासुद्धा नाही. बाई हौस म्हणून येते आणि डुलकी काढून जाते, असं आमच्या ग्रुपचं एकमत होतं. खोटं कशाला बोलू, त्या एकमतात माझंही मत होतं.

मी मात्र सगळीकडे होते. हॉस्टेलच्या भिंतीवर माझं चार रंगांतलं वेळापत्रक होतं. हिरव्यात सकाळचं कॉलेज. निळ्यात अकरा ते दोन वकिलांचं ऑफिस, तिथं मी फायली शोधून द्यायची आणि मनातल्या मनात वकिली करायची. लाल म्हणजे अभ्यास. केशरी म्हणजे मित्रमंडळी, संध्याकाळी सहा ते आठ सात रस्ता चौकातला चहा, वाढदिवस, नाटकाच्या तालमी, अभिरूप न्यायालयाची स्पर्धा. कागदावर हे चारी रंग गुण्यागोविंदानं नांदत. प्रत्यक्षात केशरी लालमध्ये घुसायचा, निळा हिरव्यात, आणि मग रविवारी मी नवं वेळापत्रक आखायला बसायची. त्यात रविवार जायचा.

अक्काला आजवर तिची मुलगी वाचून दाखवायची. माघात तिचं लग्न झालं आणि ती भिवंडीला गेली, म्हणून वाचायला कुणी नव्हतं. मी हो म्हटलं ते दयेपोटी. वेळापत्रकात तीन ते साडेचारच्या चौकोनात लिहिलं, 'राजमणीअक्का – मदत'. त्याला कुठला रंग द्यावा ते सुचेना, म्हणून ते पेन्सिलीनं लिहिलं.

तिचं घर शहराच्या पूर्वभागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत होतं. गल्लीत शिरताच मागांची खटखट कानांवर आली आणि तिच्या दारात पोचताच तंबाखूच्या वासानं मला सात-आठ शिंका आल्या. आतून बायकांचं हसू ऐकू आलं. पुढच्या खोलीत सहा बायका गोल करून बसल्या होत्या, प्रत्येकीच्या मांडीवर सूप. सुपात मापात कापलेली तेंदूची पानं आणि तंबाखूचा ढीग. पान उचलायचं, चिमूट टाकायची, वळायचं, दोऱ्याचे दोन वेढे द्यायचे, तोंड दुमडायचं. झाली विडी. हे लिहायला मला लागला त्याच्या निम्म्या वेळात त्यांची विडी होत होती. डोक्यावर पंखा होता, पण बंद. चालू केला तर तंबाखू उडते, असं अक्कानं सांगितलं. बाहेर बेचाळीस डिग्री ऊन होतं.

अक्काच्या शेजारी तिची सासू होती, सत्तरी उलटलेली. तिला सगळी गल्ली अव्वा म्हणायची. तिला मराठी समजायचं, पण ती बोलायची तेलुगूत. मग समोरची अंबक्का, जाड भिंगांचा चष्मा लावलेली, ते मराठीत सांगायची. आणि गल्लीतल्या तिघी शेजारणी. माझ्यासाठी भिंतीशी एक स्टूल ठेवलं होतं.

मी पुस्तक उघडलं. समोर शाळेतली पोरं बसली आहेत अशा थाटात सुरुवात केली. पंचविसावं कलम वाचलं, पोलिसापुढं दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही. मग सव्विसावं. पोलिसाच्या ताब्यात असताना कुणाहीपुढं दिलेला कबुलीजबाबही शाबीत करता येत नाही. आणि मी पान उलटलं.

अव्वा काहीतरी पुटपुटली. हात चालूच होते.

अंबक्का चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली, "अव्वा विचारते, मॅजिस्ट्रेट कुठं गेला?"

मी पान मागं उलटलं. कलमात पुढं लिहिलेलं होतं, तो कबुलीजबाब मॅजिस्ट्रेटच्या समक्ष दिलेला असेल तर गोष्ट वेगळी. माझ्या पुस्तकात पहिल्याच ओळीखाली लाल रेघ होती. मी नेहमी रेघ असेल तेवढंच वाचत आले होते. परीक्षेतही मी मॅजिस्ट्रेटला असाच गाळला असणार.

"आहे," मी म्हटलं. "राहिला माझ्याकडून."

अव्वानं मान हलवली आणि पुढची विडी घेतली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, हे मला नंतर कळलं.

मग त्यांची रोजची रीत सुरू झाली. एक कलम ऐकलं की त्यावर खटला चालवायचा. अंबक्कानं शेजारणीकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, समज, हिनं माझी कात्री चोरली. पोलिसानं धरली. ही बोलली, कात्री मीच चोरली आणि हौदामागं लपवली. पोलीस गेला, कात्री हौदामागं सापडली. आता?

ती शेजारीण विडी वळता वळता म्हणाली, की मी पोलिसाला बोललेय, म्हणून काहीच चालणार नाही. दुसरी म्हणाली, कात्री सापडली, म्हणजे सगळंच चालणार. दोघींची जुंपली. अक्का विड्या वळत ऐकत होती. तिचे डोळे वर्गात असत तसेच अर्धे मिटलेले होते.

"लपवली, हे चालतं," ती म्हणाली. "चोरली, हे चालत नाही. तिच्या सांगण्यावरून जे सापडलं, त्याच्यापुरतंच तिचं बोलणं घ्यायचं. सत्ताविसावं कलम."

या कलमावर मी परीक्षेत तीन पानं खरडली होती आणि मला शून्य मिळालं होतं. अक्कानं ते कात्रीच्या एका वाक्यात सोडवलं, आणि तेवढ्या वेळात तिच्या सुपात तीन विड्या पडल्या.  पुस्तकात मी ते कलम वर्षभर पाहिलं होतं, समजलं मला त्या दिवशी.

त्या बायका हे आठ वर्षं करत होत्या. अक्का मुक्त विद्यापीठातून बी. ए. करत होती तेव्हापासून. आधी सहा वर्षं इतिहास आणि अर्थशास्त्र ऐकलं, मग कायदा. अंबक्काला फ्रेंच राज्यक्रांती पसंत पडली नव्हती, नाहक डोकी उडवली म्हणाली. कायदा तिला आवडत होता, कारण त्यात दोन्ही बाजूंना बोलू देतात. अक्काला मी विचारलं, की वकीलच का व्हायचंय? ती म्हणाली, आमचे कागद दुसरी माणसं वाचायची आणि आम्ही अंगठे उठवायचो. त्या कागदांत काय असतं ते बघायचंय.

तीन-चार दिवसांनी मला राहवलं नाही. "अक्का, तुम्हाला सगळं येतं," मी म्हटलं. "मग एकोणतीस कसे?"

बायकांच्या माना खाली गेल्या. हात मात्र चालू होते. अक्कानं सूप बाजूला ठेवलं, माझ्याकडून वही-पेन घेतलं आणि सत्ताविसावं कलम लिहायला लागली. सुबक, गोल अक्षर. पाऊण तास तिनं मान वर केली नाही. मग पेन गळून पडलं. अंगठा आणि पहिली दोन बोटं आत वळून तशीच राहिली होती. तिनं डाव्या हातानं ती सरळ करायचा प्रयत्न केला, पण होईनात. तीस वर्षं ती बोटं दिवसाला हजार वेळा एकाच तऱ्हेनं वळत आली होती.

"पाच प्रश्न होते," ती म्हणाली. "पाचही येत होते. लिहून झाले दोन."

वर्गात ती वहीत काही का लिहायची नाही, ते मला तेव्हा कळलं. ती हात राखून ठेवत होती. आम्ही त्याला डुलकी म्हणत होतो. मला इतकी लाज वाटली की मी पुस्तकात तोंड खुपसलं.

यावर उपाय एकच होता, विड्या थांबवून रोज लिहायचं. पण विड्या थांबवणं सोपं नव्हतं. रोज सकाळी कारखान्याच्या शाखेत हजार विड्या पोचल्या पाहिजेत, नाहीतर हजेरीतून नाव जातं, आणि एकदा गेलेलं नाव पुन्हा लागत नाही. अक्कानं ते मला समजावून सांगितलं आणि सूप परत ओढून घेतलं. विषय तिच्यापुरता संपला होता.

तेव्हा अव्वा बोलली. एकच वाक्य, तेही सुपाकडे बघत. तिघी शेजारणींनी माना डोलावल्या. अक्का तेलुगूत नको नको म्हणत राहिली, तिचा आवाजही चढला. अव्वानं तिचं बोलणं संपू दिलं आणि मग आणखी काहीतरी सांगितलं. अक्कानं सूप खाली ठेवलं.

"काय म्हणाल्या?" मी अंबक्काला हळूच विचारलं.

"आधी म्हणाली, दोनशे-दोनशे," अंबक्का म्हणाली. "आम्ही पाचजणी. झाल्या हिच्या हजार. मग म्हणाली, आठ वर्षं आम्ही पण ऐकलंय. ते सगळं हिच्या डोक्यात आहे. हिनं नाही लिहिलं, तर आमचं ऐकलेलं कुठं जाणार?"

प्रत्येकीच्या स्वतःच्या आठशे-हजार विड्या होत्याच. वर दोनशे म्हणजे रोजचे दोन-अडीच तास जास्त, पहाटे उठून. हे ठरायला एक मिनिटसुद्धा लागलं नव्हतं. माझ्या ग्रुपला पिक्चर ठरवायला तीन दिवस लागत.

मलाही चेव आला. मी म्हटलं, मीपण वळते. अंबक्कानं मला पान दिलं. दहा मिनिटं झटापट करून मी जे काही तयार केलं, ते अव्वानं दोन बोटांत धरून सगळ्यांना फिरवून दाखवलं. शेपटीकडून तंबाखू गळत होती.

"छाट," ती म्हणाली. कारखान्यात नापास केलेल्या विडीला छाट म्हणतात. त्या दिवशी त्या इतक्या हसल्या की मागच्या गल्लीतून कुणीतरी डोकावून गेलं. ठरलं असं, की मी वाचायचं, आणि अक्का लिहीत असताना घड्याळ बघायचं.

असे पाच आठवडे गेले. पहिल्या आठवड्यात अक्काचा हात पन्नास मिनिटं टिकला, दुसऱ्यात सव्वा तास. पेन बोटांतून निसटायचं, म्हणून अव्वानं त्याच्याभोवती विडीचा दोरा घट्ट गुंडाळून दिला. मी वाचायची, बायका खटले चालवायच्या, अक्का कोपऱ्यात पाट घेऊन लिहायची. माझा वेगळा अभ्यास असा उरलाच नाही. हॉस्टेलवर जाऊन पुस्तक उघडलं की प्रत्येक कलमातून अंबक्काचा आवाज यायचा.

सात रस्त्यावर माझी टिंगल सुरू झाली होती. "काय बे हेमांगी, विड्या वळलालीस म्हणे?" ग्रुपातला निनाद म्हणायचा. वळता येत नाहीत, मी खरं तेच सांगायची. एकदा त्याच्या वाढदिवसाला मी पूर्वभागाला दांडी मारली. केक, पिक्चर, धमाल, सगळं झालं, पण तीन वाजल्यापासून मी घड्याळाकडेच बघत होते. दुसऱ्या दिवशी बिचकत गेले.  काल तुझी वाट बघून आम्ही बत्तिसावंच पुन्हा म्हटलं, एवढंच अंबक्का म्हणाली. बत्तिसावं म्हणजे मरणाऱ्या माणसाचा जबाब. त्यांनी ते तोंडपाठ, बिनचूक, एकत्र म्हटलं होतं. त्या रात्री मी भिंतीवरचा 'मदत' हा शब्द खोडून काढायला गेले. पेन्सिलीचं होतं, पण कागदावर वळ राहिला.

परीक्षेच्या आदल्या दिवशी अक्काचा हात दोन तास दहा मिनिटं टिकला. पेपर तीन तासांचा होता. 

परीक्षेत ती माझ्या दोन बाकं पुढं होती. प्रश्नपत्रिका हातात आली आणि मी लिहायला लागले. दुसऱ्या प्रश्नात कबुलीजबाब होता. मॅजिस्ट्रेट मी नीट जागेवर बसवला. दोन तास कसे गेले ते कळलं नाही. मान वर केली तेव्हा अक्काचं पेन बाकावर पडलेलं होतं.

तिनं उजवा हात मांडीखाली दाबून धरला होता. नजर समोरच्या फळ्यावर. एक मिनिट गेलं, दोन गेली. माझंही पेन थांबलं. मग तिचा डावा हात बाकाच्या कडेवर आला आणि बोटं हलायला लागली. पान उचललं, चिमूट टाकली, वळलं, दोन वेढे दिले. रिकाम्या बोटांनी, सावकाश. ओठही हलत होते. अशा पंधरा-वीस विड्या झाल्या असतील. मग तिनं उजवा हात मांडीखालून काढला, डाव्या हातानं पेन त्याच्या बोटांत खोचलं आणि लिहायला सुरुवात केली. मी माझ्या पेपराकडे वळले, कारण तिच्याकडे आणखी बघितलं असतं तर मला रडू फुटलं असतं.

थोड्या वेळानं तिचा हात वर झाला.

"सर, पुरवणी."

आवाज बारीक होता. सुपरवायझरांच्या कानावर गेला नाही. ती उभी राहिली.

"सर, मला पुरवणी पाहिजे."

त्यांनी कागद आणि दोरा आणून दिला. आम्ही सगळे त्या दोऱ्याशी मारामारी करायचो, भोकात जाता जात नसे. अक्कानं तो ओवला, दोन वेढे दिले, गाठ मारली. बघणाऱ्याची पापणी लवायच्या आत. सुपरवायझर जाता जाता थबकले आणि त्या गाठीकडे बघत राहिले.

शेवटची घंटा होईपर्यंत तिनं अशा आणखी दोन पुरवण्या घेतल्या.

निकाल जूनमध्ये लागला. तिला त्रेसष्ट, मला बावन्न. पुढं मी परीक्षा देऊन न्यायाधीश झाले, आणि आजही समोर सत्ताविसाव्या कलमाचा वाद उभा राहिला की मला हौदामागची कात्री दिसते. अक्कानं सनद घेतली. तिच्या ऑफिसात लोक तिला कागद वाचून दाखवायला सांगतात आणि ती सगळा वाचते, रेघ असो की नसो. पण हे सगळं नंतरचं. मला सांगायचंय ते घंटा झाल्यानंतरचं.

अक्काचा पेपर अजून सुपरवायझरांनी घेतला नव्हता. मी आधी बाहेर पडले. फाटकाबाहेर कडुलिंबाखाली त्या पाचजणी बसल्या होत्या. पूर्वभागातून दोन कोस उन्हात चालत आल्या होत्या, सुपं घेऊन. अक्काच्या हजारातल्या विड्या अजून व्हायच्या होत्या आणि घरी बसवत नव्हतं, म्हणून त्या इथं येऊन वळत बसल्या होत्या. रस्त्यावरची माणसं वळून बघत होती.

सोपा गेला का, हे त्यांनी विचारलं नाही. नुसती वही भरली म्हणजे दोन प्रश्न, पुरवणी घेतली म्हणजे पुढचे, हे अक्कानं त्यांना सांगून ठेवलेलं होतं.

"किती पुरवण्या?" अंबक्कानं विचारलं.

"तीन."

अंबक्का अव्वाकडे वळली. "मूडु," ती म्हणाली.

अव्वाचे हात थांबले.

पाच आठवडे मी ते हात पाहत होते. हसताना, भांडताना, पाणी पिताना, शेजारच्या मागवाल्याच्या मरणाची बातमी आली तेव्हाही, ते कधी थांबले नव्हते. अर्धी वळलेली विडी तिच्या बोटांतून उलगडली आणि तंबाखू लुगड्यावर सांडली. तिनं ती झटकली नाही.

अक्का फाटकातून आली. उजवा हात डाव्या हातात धरून, एखादं भांडं सांभाळत आणावं तशी. ती अव्वासमोर खाली बसली. अव्वानं सूप उचलून मातीत ठेवलं, सुनेचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि त्याची आखडलेली बोटं एकेक करून सरळ करायला लागली. पाचही बोटं सरळ होईपर्यंत बाकीच्या चौघींनी एकसुद्धा विडी वळली नाही.